दाराशी चार-पाच दिवस

चौथ्या शतकातली एक दुपार. आजच्या जर्मनीतल्या ट्रियर शहरात रोमन सम्राट रथांच्या शर्यती बघण्यात दंग होता. त्याच्या पदरचे चार अधिकारी तेवढ्यात तटबंदीलगतच्या बागांमध्ये फिरायला निघाले. चालता चालता दोघे एका वाटेने गेले, दोघे दुसऱ्या. त्यातली एक जोडी एका झोपडीपाशी पोचली. तिथे काही ख्रिस्ती साधक राहत होते आणि आत एक पुस्तक होते, इजिप्तच्या वाळवंटातल्या अंतोनी नावाच्या तपस्व्याचे चरित्र. एकाने ते सहज उघडले आणि वाचू लागला. वाचता वाचता तो अस्वस्थ झाला. आपण एवढी चाकरी करतो ती कशासाठी, असे त्याने सोबत्याला विचारले. फार तर सम्राटाची मर्जी लाभेल, आणि तीही किती दिवस टिकणार? ते दोघे त्या संध्याकाळी राजवाड्यात परतले नाहीत. दोघांचीही लग्ने ठरलेली होती. त्यांच्या वाग्दत्त वधूंनी ही बातमी ऐकली आणि त्यांनीही व्रतस्थ राहायचे ठरवले.

ही हकीकत संत ऑगस्टिनच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या आठव्या भागात येते. 386 साली मिलान शहरात राजदरबारी नोकरी करणाऱ्या पाँटिशियानस नावाच्या आफ्रिकी गाववाल्याने ती त्याला सांगितली. ऐकल्यावर ऑगस्टिन घराच्या बागेत गेला, ढसाढसा रडला, पलीकडून एका लहान मुलाचा गाण्याचा आवाज त्याच्या कानी पडला, आणि त्याने संत पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडून समोर आलेल्या ओळी वाचल्या. हे सगळे अनेकांना ठाऊक असते. ज्या पुस्तकाने ही साखळी सुरू झाली त्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने 356 साली अंतोनीच्या मृत्यूनंतर लवकरच हे चरित्र ग्रीकमध्ये लिहिले. काही वर्षांतच त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि ते युरोपभर गेले. या चरित्रातल्या अंतोनीलाही हाक आली ती वाचलेल्या शब्दांतून. आईवडील नुकतेच गेलेले, धाकटी बहीण आणि सुपीक जमीन त्याच्यावर सोपवलेली, वय जेमतेम अठरा-वीस. चर्चमध्ये शिरला तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानाचे वाचन चालू होते. जवळचे सगळे विकून गोरगरिबांना देण्याविषयीचे येशूचे बोल त्याला आपल्यालाच उद्देशून म्हटल्यासारखे वाटले आणि त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली.

अंतोनीला वाचनातून हाक आली, अंतोनीचे चरित्र वाचून ट्रियरच्या दोघांनी नोकरी सोडली, त्या दोघांची गोष्ट ऐकून ऑगस्टिन बदलला. पुढे 'कन्फेशन्स' वाचून आणखी किती जण बदलले याची मोजदाद कुणी करू शकणार नाही. कॅथलिक परंपरेत मठाच्या आणि याजकपदाच्या पाचारणावर जे लिखाण झाले, ते असे एकातून दुसरे पेट घेत आले आहे. पण या साहित्याचा मोठेपणा माझ्या मते त्या पेटण्यात नाही. हीच परंपरा पेटलेल्या माणसाकडे दीड हजार वर्षे संशयाने बघत आली आहे. पुस्तक वाचून दाराशी आलेल्याला ती आत घेत नाही, थांबवते.

हे थांबवणे सगळ्यात स्पष्टपणे लिहून ठेवले ते सहाव्या शतकात, संत बेनेडिक्टच्या मठांसाठीच्या नियमावलीत. तिची 73 प्रकरणे आहेत. त्यातले अठ्ठावन्नावे प्रकरण नव्याने येणाऱ्यांविषयी आहे. नवख्याला सहज प्रवेश देऊ नये, असे ते सुरुवातीलाच बजावते. त्याने दार ठोठावत राहावे. चार-पाच दिवस त्याला कडू वागणूक मिळाली, अडवणूक झाली आणि तरी तो हटला नाही, तर पाहुण्यांच्या खोलीत त्याची सोय करावी. मग त्याला नवशिक्यांच्या दालनात न्यावे आणि माणसे जोखण्यात मुरलेल्या एका वडीलधाऱ्या साधूच्या हाती द्यावे. हा खरोखर देवाला शोधतो आहे का, एवढेच त्या साधूने बघायचे. दोन महिन्यांनी संपूर्ण नियमावली त्याला वाचून दाखवायची आणि सांगायचे, की या नियमाखाली राहायचे आहे. जमत असेल तर ये, नसेल तर मोकळ्या मनाने जा. सहा महिन्यांनी पुन्हा तेच वाचन, त्यानंतर चार महिन्यांनी आणखी एकदा. वर्षभराने तो ठाम असेल तर त्याने आपली प्रतिज्ञा स्वहस्ते लिहून वेदीवर ठेवायची. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहावी आणि त्याने खूण करावी.

त्याच प्रकरणाच्या शेवटी एक बारकी तरतूद आहे. प्रतिज्ञा झाल्यावर त्याच्या अंगावरचे कपडे उतरवून मठाचे कपडे द्यायचे, पण जुने कपडे टाकून द्यायचे नाहीत. ते कोठीत जपून ठेवायचे. पुढे कधी त्याने मठ सोडायचे ठरवले, तर त्याचे कपडे त्याला परत देता आले पाहिजेत. अध्यात्मावरच्या पुस्तकात कपड्यांच्या कोठीचा हिशेब आला की बेनेडिक्टला माणसांची किती ओळख होती ते कळते. माणूस आजन्म बांधून घेतो आहे आणि त्याच क्षणी तो उद्या ढळू शकतो, ही जाणीव नियमातच ठेवलेली आहे. पत्नीची मनापासून संमती नसताना संन्यास घेतलेल्या विठ्ठलपंतांना गुरूंनी परत संसारात धाडले, हे ज्या भाषेत घरोघरी ठाऊक आहे, त्या भाषेच्या वाचकाला ही सावधगिरी परकी वाटू नये.

हीच पारख पुढे इग्नेशियस लोयोलाने माणसाच्या मनात नेली. मे 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत महिनोन्‌महिने पडून असताना त्याने वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाली ती दोन पुस्तके, लुडॉल्फ नावाच्या साधूने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या आख्यायिकांचा संग्रह. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी. एकात तो एका थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम गाजवायचा, दुसऱ्यात फ्रान्सिस आणि डॉमिनिक या संतांसारखा अनवाणी चालायचा. दोन्ही स्वप्ने रंगवताना तितकीच गोड वाटत. फरक नंतर जाणवे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही.

या एका निरीक्षणातून 'आत्मिक साधना' हे छोटे पुस्तक उभे राहिले. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. जीवनमार्ग निवडण्याच्या तीन वेळा त्यात सांगितल्या आहेत. कधी मनात शंकेला जागाच उरत नाही. कधी मनाच्या चढउतारांतून हळूहळू उलगडा होतो. आणि कधी मन अगदी शांत असते. तेव्हा माणसाने सरळ कागदावर हिशेब मांडावा तसा दोन्ही बाजूंचा विचार करावा. याच तिसऱ्या वेळेसाठी त्याने दिलेला एक उपाय मला फार नामी वाटतो. आपण कधी न पाहिलेला, न ओळखलेला एक माणूस समोर आणावा, त्याचे भले व्हावे अशी इच्छा धरावी आणि आपल्याच पेचात त्याला काय सल्ला दिला असता ते बघावे. मग तोच सल्ला आपण पाळावा.

साधना करवून घेणाऱ्या गुरूलाही इग्नेशियसने लगाम घातला आहे. समोरच्या उत्साही तरुणाला व्रताकडे ढकलू नये. तो घाईने शपथ घेऊ लागला तर आवरावे. एरवी कुणाला मठजीवनाची प्रेरणा द्यायला हरकत नाही, पण साधनेच्या काळात गुरूने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट बोलू द्यावे. ज्याने स्वतः जेझुइट संघ स्थापला, ज्याला माणसांची सतत गरज होती, त्यानेच हे लिहून ठेवले.

त्या संघाचा भारताशी संबंध लगेच आला. फ्रान्सिस झेवियरने जानेवारी 1544 मध्ये कोचीनहून युरोपातल्या सोबत्यांना पत्र लिहिले. विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसमध्ये, वेड्यासारखे ओरडत फिरावे आणि विद्येच्या मागे लागलेल्यांना जागे करावे असे आपल्याला वाटते, असे त्यात आहे. पत्र छापून निघाले, हातोहात फिरले आणि अशी पत्रे वाचत युरोपातली एक पिढी वाढली. कास्तिल्योनेच्या जहागिरीचा वारस लुइजी गोंझागा भारतातल्या जेझुइटांविषयीचे पुस्तक वाचून त्या संघाकडे ओढला गेला; वडिलांचा विरोध सोसून त्याने 1585 साली जहागीर धाकट्या भावाला लिहून दिली. त्याच काळातला इंग्लंडचा थॉमस स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरला आणि 1616 साली राचोलला छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या मराठीला देऊन गेला. दुसऱ्या बाजूला आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात जेझुइटांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबला. त्याला त्या संघात यायचे होते, पण ते जमले नाही. शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला धर्मबंधू म्हणून घेतले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत तो क्रुसावर मरण पावला. 1862 साली तो संतपदी पोचला. ज्या दाराशी त्याने आधी आशा धरली होती ते त्याच्यासाठी उघडले नव्हते, हे वसईच्या या संताच्या चरित्रात विसरले जाऊ नये.

स्त्रियांनी लिहिलेल्या पुस्तकांत ही अडवणूक अधिक खोल जाते, कारण त्यांना दारापर्यंत पोचू देणारे घर असावे लागे. आव्हिलाची तेरेजा आईसोबत शूरवीरांच्या कथा चोरून वाचत मोठी झाली. पुढे संत जेरोमची पत्रे वाचताना तिला वडिलांशी बोलण्याचे धैर्य आले. वडील म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत नाही. 1535 साली ती वडिलांना न सांगता घराबाहेर पडली. त्या क्षणाविषयी तिने लिहिले आहे की शरीरातले एकेक हाड निखळावे तशा वेदना झाल्या. देवाविषयी त्या वेळी एवढे प्रेमही नव्हते की ते वडिलांवरच्या प्रेमाला पुरून उरावे, अशी कबुलीही तिने दिली आहे. अनेक वर्षे मठात काढल्यावर 'कन्फेशन्स' तिच्या हाती आले आणि ऑगस्टिनच्या बागेतल्या रडण्यात तिने स्वतःला ओळखले.

तेरेजाचे आत्मचरित्र 1588 साली सालामांका येथे छापले गेले. 1921 च्या उन्हाळ्यात जर्मनीत बेर्गत्साबेर्न गावी मैत्रिणीच्या घरी उतरलेल्या एका तत्त्वज्ञ तरुणीने ते कपाटातून काढले आणि रात्रभर वाचले. ती एडिथ स्टाइन. ब्रेसलाऊच्या ज्यू घरातली, तत्त्वज्ञ हुसर्लची साहाय्यक राहिलेली, किशोरवयातच प्रार्थना सोडलेली. 1 जानेवारी 1922 रोजी तिने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवसापासून तिला तेरेजाच्याच कार्मेल संघाच्या मठात जायचे होते. पण तिच्या मार्गदर्शकांनी थांबवले. तुझे शिकवण्याचे, व्याख्यानांचे काम बाहेर आहे, शिवाय आईला दुसरा धक्का सोसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ती स्पायरच्या धर्मभगिनींच्या शाळेत शिकवत राहिली. जवळजवळ बारा वर्षे ती थांबली. 1933 साली नाझींनी ज्यूंना शिक्षकी पेशातून हटवले तेव्हा बाहेरचे कामच संपले आणि मार्गदर्शकांनी परवानगी दिली.

कोलोनच्या मठात मुलाखतीसाठी गेली तेव्हा तिथल्या भगिनींना तिच्या विद्वत्तेचे अप्रूप नव्हते. त्यांनी तिला एक गाणे म्हणून दाखवायला सांगितले. सभा गाजवणारी ही स्त्री लाजत गायली. ही हकीकत तिने स्वतःच 1938 साली लिहून ठेवली आहे आणि तिच्यातली आईची पाने वाचताना कुणाचाही जीव कासावीस होईल. 12 ऑक्टोबर 1933, एडिथचा बेचाळिसावा वाढदिवस आणि घरातला शेवटचा दिवस. म्हातारी आई तिला घेऊन सिनेगॉगमध्ये गेली. परतताना आईने हट्टाने वाटेचा एक टप्पा पायी चालायचे ठरवले. येशूविषयी वाईट बोलायचे नाही, पण त्याने स्वतःला देव का म्हणवून घेतले, हा तिचा प्रश्न होता. रात्री ती रडली. लेकीने आईचे पांढरे केस छातीशी धरले, तिला झोपवले आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडली. आपल्याला आनंद झाला असे एडिथने लिहिलेले नाही. सगळे फार भयंकर होते आणि तरी मन खोल शांत होते, अशा आशयाचे तिने लिहिले आहे. ऑगस्ट 1942 मध्ये तिला नेदरलँड्समधल्या एश्टच्या मठातून बहिणीसह पकडून ऑश्विट्झला नेले आणि तिथे मारले.

लिझ्यूची तेरेज वयाने सगळ्यांत लहान आणि हट्टात सगळ्यांच्या पुढे. चौदाव्या वर्षी बिशपांना भेटायला जाताना मोठी दिसावी म्हणून तिने केस वर बांधले. 20 नोव्हेंबर 1887 रोजी रोममध्ये पोप तेरावे लिओ यांच्याशी बोलायची मनाई असताना तिने त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून परवानगी मागितली. पहारेकऱ्यांना तिला उचलून बाहेर न्यावे लागले. 9 एप्रिल 1888 रोजी, पंधराव्या वर्षी ती कार्मेलमध्ये शिरली. इतके सगळे झाल्यावर शंकेला जागा कुठली, असे वाटेल. पण सप्टेंबर 1890 मध्ये, आजन्म व्रते घेण्याच्या आदल्या रात्री, तिच्या मनात घोर अंधार दाटला. हे आपले पाचारण नव्हेच, आपण वरिष्ठांना फसवतो आहोत, असे तिला वाटू लागले. तिने नवशिक्यांच्या प्रमुख भगिनीला प्रार्थनेतून उठवून बाहेर बोलावले आणि सगळे सांगून टाकले. त्या भगिनीने धीर दिला. तरी पुरती खात्री व्हावी म्हणून तिने मठप्रमुखांनाही सांगितले. त्या नुसत्या हसल्या.

या ग्रंथसंपदेतले ते हसणे मला अमोल वाटते. व्यवहारी, मायाळू, किंचित दुर्लक्ष करणारे. घरातल्या मोठ्या बायका लग्नाच्या आदल्या रात्री घाबरलेल्या मुलीकडे बघून हसतात तसे. तेरेजने शंका लपवली असती तर ती आतून पोखरत गेली असती. सांगितली आणि ती विरली. 1897 साली चोविसाव्या वर्षी क्षयाने ती गेली. वर्षभराने 'एका आत्म्याची कथा' छापून आले, दोन हजार प्रती. पुढे ते जगभर गेले.

तिच्या घराची गोष्ट त्या पुस्तकाच्या मागे उभी आहे. वडील लुई तरुणपणी आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात गेले होते. लॅटिन येत नव्हते म्हणून परत आले. आई झेलीला धर्मभगिनी व्हायचे होते, तिलाही नकार मिळाला. नकार मिळालेल्या या दोघांनी लग्न केले. त्यांच्या जगलेल्या पाचही मुली मठात गेल्या. त्यातली लेओनी दोनदा नव्हे, तीनदा जाऊन परत आली आणि चौथ्या वेळी, 1899 मध्ये, कां शहरातल्या व्हिजिटेशनच्या मठात टिकली. लुई आणि झेली 2015 साली जोडीने संत झाले.

विसाव्या शतकात थॉमस मर्टनने हा सगळा वारसा अमेरिकन इंग्रजीत आणला. फ्रान्सिस्कनांनी आधीच्या आयुष्यामुळे त्याला परतवले होते. 10 डिसेंबर 1941 रोजी तो केंटकीतल्या गेथसेमनीच्या ट्रॅपिस्ट मठात दाखल झाला आणि 1948 सालच्या 'द सेव्हन स्टोरी माउंटन'ने युद्धातून परतलेल्या पिढीला हलवून सोडले. लाखो प्रती खपल्या, मठांकडे तरुणांची रीघ लागली. पण मर्टन पूर्ण वाचायचा असेल तर रोजनिशीही वाचावी. मठात येऊन वर्षे लोटली तरी आपण अधिक एकांताच्या दुसऱ्या संघात जावे का, हा प्रश्न त्याला सोडत नव्हता आणि वरिष्ठ परवानगी देत नव्हते. 1965 मध्ये त्याला मठाच्याच आवारात वेगळ्या झोपडीत कायमचे राहता आले.

याजकपदाचे लिखाण मात्र वेगळ्या वाटेने जाते. मठाच्या दाराशी माणूस आपण होऊन येतो. याजक व्हायला सुरुवातीच्या शतकांत लोक धरून नेत आणि माणसे पळून जात. नाझिआन्झसच्या ग्रेगरीला बिशप असलेल्या वडिलांनीच दीक्षा दिली, तेव्हा तो पळून मित्राकडे गेला आणि परतल्यावर आपल्या पळण्याचे समर्थन करणारे लांबलचक प्रवचन त्याने लिहिले. याजकपदावरचे ते पहिल्या मोठ्या लेखनांपैकी एक. जॉन क्रिझोस्टमने याच विषयावर सहा भागांचा संवाद लिहिला. त्यात तो स्वतः निसटतो आणि मित्राला मात्र दीक्षेत अडकवतो. ऑगस्टिनला 391 साली हिप्पोच्या लोकांनी चर्चमध्येच पकडले आणि बिशपापुढे उभे केले. तो रडला. नंतर त्याने बिशपांना पत्र लिहून शास्त्राभ्यासासाठी सवड मागितली. स्वतः पोप होताना कचरलेल्या दुसऱ्या एका ग्रेगरीने 590 च्या सुमारास लिहिलेल्या मेंढपाळांच्या नियमपुस्तकातही पहिला भाग हेच विचारतो, की हे ओझे उचलायची लायकी कुणाची?

1563 साली ट्रेंटच्या महासभेने धर्मप्रांतागणिक सेमिनरी, म्हणजे याजक घडवणारी शाळा, उभारण्याचा आदेश दिला. त्यानंतर धरपकडीची जागा शिक्षणाने घेतली आणि हाक अंतर्मनात शोधण्याची सवय वाढत गेली. मनाला ओढ वाटली नाही तर पाचारणच नाही, असे शिकवणारे गुरू झाले. 1909 साली जोसेफ लाहितों या फ्रेंच याजकाने त्यावर पुस्तक लिहून मोठा वाद ओढवला. आंतरिक ओढ ही याजकपदाची अट नाही. हेतू शुद्ध असावा, लायकी असावी, आणि खरी हाक म्हणजे बिशपाने चर्चच्या वतीने दिलेली हाक, असे त्याचे प्रतिपादन होते. पोप दहावे पायस यांनी कार्डिनलांची समिती नेमली आणि 1912 साली तिने लाहितोंच्या बाजूने कौल दिला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. ज्यांना कधी कुठला आवाज ऐकू आला नाही, अशा किती तरी प्रामाणिक तरुणांच्या मनावरचा धोंडा त्याने उतरवला असणार.

आज वसईच्या एखाद्या चर्चमध्ये मराठीतून गुरुदीक्षेचा विधी होतो तेव्हा तोच विचार डोळ्यांसमोर घडतो. उमेदवाराचे नाव मोठ्याने पुकारले जाते, तो उठून हजेरी देतो. बिशप विचारतात, हा या पदाला लायक आहे याची खात्री केली आहे का? उत्तर उमेदवार देत नाही. त्याला घडवणाऱ्यांच्या वतीने एक धर्मगुरू सांगतो, की लोकांकडे चौकशी केली आहे, जबाबदार माणसांचे मत घेतले आहे आणि तो लायक ठरला आहे. मग बिशप निवड जाहीर करतात आणि जमलेले लोक देवाचे आभार मानून संमती देतात.